काकडाशिवाय शेवळं

पावसाच्या पहिल्या सरी आल्या की ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाडच्या बाजारात शेवळाच्या जुड्या दिसू लागतात. आदिवासी बायका रस्त्याच्या कडेला पोतं अंथरून बसतात आणि जुडीबरोबर मूठभर हिरवी, आंबट काकडं देतात. नवखं गिऱ्हाईक म्हणतं, ही फळं नकोत, नुसती भाजी द्या. बाई ऐकत नाही. काकडाशिवाय शेवळं केली तर घशाला खाज सुटते, हे तिला आईकडून कळलेलं असतं. आतला पिवळा भाग काढून टाका, हेही ती बजावून सांगते. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. ते घशाला टोचतात आणि आंबटाने त्यांचा त्रास कमी होतो. यातला ऑक्झलेट हा शब्द त्या बाईने कधी ऐकलेला नसतो. आहारशास्त्र शिकलेल्या मुलीला तो शब्द पाठ असतो, पण काकडाचं झाड दाखव म्हटलं तर ती अडते.

माणसाच्या पोषणाचं शास्त्र घरबसल्या, ऑनलाइन अभ्यासक्रमातून शिकता येतं का, हा प्रश्न गेली काही वर्षं विचारला जातो आहे. शहापूर-मुरबाडच्या वाड्या-पाड्यांत तो विचारला की त्याचं रूप बदलतं. इथे शिकायचं असतं ते नोकरीसाठी, आणि शेजारच्या घरातलं मूल वाचवण्यासाठीही. म्हणून या प्रश्नाचा आढावा इथूनच घ्यावासा वाटतो.

दोन तालुके आणि एक फसवी सरासरी

1992 साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला, तेव्हा जव्हार ठाणे जिल्ह्यातच होतं. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि कुपोषण म्हटलं की सगळ्यांची नजर तिकडे जाऊ लागली. शहापूर आणि मुरबाड मात्र ठाण्यातच राहिले. ठाणे, कल्याण, भिवंडी, नवी मुंबई अशा शहरांच्या रांगेत हे दोन तालुके बसले आणि जिल्ह्याच्या सरासरीत त्यांचा चेहरा पुसला गेला. इथे कातकरी, ठाकूर, महादेव कोळी, वारली अशी वस्ती आहे. कातकरी ही केंद्र सरकारच्या यादीतली विशेष असुरक्षित आदिवासी जमात. दिवाळी झाली की अनेक कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मधल्या महिन्यांत मुलाचं नाव एका अंगणवाडीत असतं आणि मूल भलतीकडेच.

राज्याचं चित्र राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019 ते 2021 या काळात, स्पष्ट दिसलं. महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या मुलांपैकी 35.2 टक्के वयाच्या मानाने खुजी, 25.6 टक्के उंचीच्या मानाने रोडावलेली, आणि 15 ते 49 वयोगटातल्या 54.2 टक्के स्त्रियांना रक्तक्षय. योजनांची कमतरता आहे असं म्हणता येणार नाही. एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली. राजमाता जिजाऊ मिशन 2005 पासून आहे. 2015 पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना दिवसाला एक चौरस ताजं जेवण मिळतं. अन्न पोचवायची यंत्रणा उभी राहिली. ते अन्न कुणाला, केव्हा, किती आणि का, हे घरातल्या माणसांना समजेल अशा शब्दांत सांगणारी माणसं मात्र थोडी आहेत. अभ्यासक्रमाची गरज इथे उभी राहते.

शिकण्याच्या जुन्या वाटा

मुंबई विभागात हे शास्त्र शिकायच्या नामांकित जागा दोन: न्यू मरीन लाइन्सचं निर्मला निकेतन आणि जुहूचं एसएनडीटी विद्यापीठाचं सर विठ्ठलदास ठाकरसी गृहविज्ञान महाविद्यालय. मुरबाडला रेल्वे नाही. टोकावड्याच्या मुलीला आधी एसटीने मुरबाड, मग कल्याण, पुढे लोकल. शहापूरकडच्या मुलीला आसनगावहून किंवा कसाऱ्याहून गाडी, आणि कसारा मुंबईपासून सुमारे 120 किलोमीटर. रोज हा प्रवास करून प्रयोगशाळेत उभं राहणं फार थोड्यांना जमलं.

म्हणून दूरशिक्षण महत्त्वाचं ठरलं. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ 1985 साली स्थापन झालं. त्याने अन्न आणि पोषण या विषयाचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, पोषण आणि आरोग्यशिक्षणाची एक वर्षाची पदविका, आणि पुढे आहारशास्त्राची पदव्युत्तर पदवीही चालवली. त्या पुस्तिकांमधून देशभरातल्या हजारो गृहिणी, सेविका आणि शिक्षिका हा विषय शिकल्या. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 पासून मराठीतून दूरशिक्षण देतं, त्यामुळे मराठीत शिकवता येत नाही ही सबब कधीच संपली. 2017 मध्ये केंद्राचं 'स्वयम्' व्यासपीठ सुरू झालं. त्यावरची व्याख्यानं फुकट पाहता येतात, परीक्षेला शुल्क असतं आणि परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. 2021 च्या नियमांनुसार महाविद्यालयं एका सत्राच्या अभ्यासातला 40 टक्क्यांपर्यंतचा भाग 'स्वयम्'च्या श्रेयांकांतून मान्य करू शकतात. म्हणजे शहापुरात कला शाखेत शिकणाऱ्या मुलीलाही पोषणाचा एखादा अभ्यासक्रम आपल्या पदवीत जोडून घेण्याची सोय आहे. ती कितीजणींना ठाऊक आहे, हा प्रश्न महाविद्यालयांनी स्वतःला विचारावा.

या विषयाची मराठी परंपराही विसरू नये. डॉ. कमला सोहोनी, पूर्वाश्रमीच्या भागवत, यांनी 1939 मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. विज्ञानात ती पदवी घेणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. परतल्यावर त्यांनी कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत काम केलं आणि पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत अध्यापन. डाळी, तांदळाचं पीठ आणि नीरा यांवर त्यांनी संशोधन केलं. आदिवासी समाजातल्या कुपोषित किशोरांना आणि गरोदर स्त्रियांना नीरेचा स्वस्त पूरक आहार म्हणून उपयोग होतो, हे त्यांच्या कामातून पुढे आलं. 'आहार-गाथा' हे पुस्तक त्यांनी मराठीत लिहिलं. प्रयोगशाळेतलं शास्त्र पाड्यावर नेण्याचा रस्ता त्यांनी तेव्हाच आखला होता.

पडद्यावर काय नीट शिकता येतं

बरंच काही शिकता येतं, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. पिष्ट, प्रथिनं, स्निग्ध पदार्थ शरीरात कसे मोडतात, लोह शोषायला क जीवनसत्त्वाची मदत कशी होते, जेवणाबरोबर घेतलेला चहा ते शोषण कसं अडवतो, हे चित्रफितीतून फळ्यापेक्षा जास्त स्पष्ट दिसतं. ती थांबवता येते, मागे नेऊन पुन्हा पाहता येते. वर्गात हात वर करायला लाजणाऱ्या मुलीसाठी ही सोय मोठी आहे.

एक साधा धडा घ्या. सातव्या महिन्यात बाळाला वरचं अन्न सुरू होतं. आपल्याकडे पहिली येते ती पेज. पेज वाईट नाही, पण पातळ पेजेत पाणीच जास्त. बाळाचं पोट लहान, ते चार चमच्यांत भरतं आणि बाळ झोपी जातं. आईला वाटतं, पोर जेवलं. शरीराला ताकद मात्र फार थोडी मिळालेली असते. तीच पेज घट्ट केली, तिच्यात शिजवून घोटलेली डाळ, चमचाभर तेल, उकडलेलं अंडं कुस्करून, किंवा मीठ न लावलेला सुका जवळा भाजून केलेली पूड घातली, तर तेवढ्याच चार चमच्यांचं मोल कितीतरी वाढतं. हे गणित पाच मिनिटांच्या चित्रफितीत समजतं.

आयआयटी मुंबईत प्रा. कण्णन मौद्गल्य यांनी उभारलेल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने नेमकं हे केलं. तिथल्या ग्रामीण तंत्रज्ञान केंद्राशी जोडलेल्या बालरोगतज्ज्ञ डॉ. रूपल दलाल यांच्या मार्गदर्शनाखाली स्तनपानाची पकड, वरचं अन्न, पहिले 1000 दिवस अशा विषयांवर छोट्या चित्रफिती तयार झाल्या आणि त्या मराठीसह अनेक भारतीय भाषांत आल्या. पहिले 1000 दिवस म्हणजे गरोदरपणाचे 270 आणि बाळाच्या पहिल्या दोन वर्षांचे 730. या काळात राहिलेली उणीव पुढे भरून काढणं फार अवघड जातं. अशा चित्रफिती सेविकेच्या मोबाइलवर असल्या की बाळंतिणीच्या खाटेशी बसून दाखवता येतात. ऑनलाइन शिक्षणाचा याहून चांगला नमुना माझ्या पाहण्यात नाही.

पडद्यावर काय हाती लागत नाही

दंडघेराची पट्टी घ्या. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या डाव्या दंडाला, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, ती गुंडाळायची. 11.5 सेंटिमीटरच्या खाली आकडा आला तर मूल तीव्र कुपोषित, 11.5 ते 12.5 च्या आत आला तर मध्यम. वाचायला किती सोपं. प्रत्यक्षात मूल रडतं, हात आखडतं, आजी मध्येच त्याला उचलून घेते. पट्टी जरा घट्ट ओढली तर चांगलं मूल कुपोषितांच्या यादीत जातं. सैल राहिली तर ज्याला आज बाल उपचार केंद्रात न्यायला हवं, ते मूल घरीच राहतं. दोन-तीन मिलिमीटरचा हा फरक बोटांना कळावा लागतो, आणि त्यासाठी शेजारी जाणती बाई उभी राहून 'जरा सैल कर' म्हणणारी हवी.

दुसरं कसब आहे विचारण्याचं. चोवीस तासांत काय खाल्लं, हे लिहून घेणं हा आहारशास्त्राचा पहिला धडा. ठाकूरवाडीत ओटीवर बसून विचारलं, काल काय जेवलात, तर उत्तर येतं, "भात." बरोबर काय होतं? "काय नाय, चटणी." वही मिटून उठलात तर हा आहार निकृष्ट ठरतो. बसून राहिलात तर हळूहळू निघतं: सकाळी पोरांनी ओहोळातून खेकडे धरून आणले, ते भाजून खाल्ले, रानातून येताना करवंदं आणि जांभळं तोंडात टाकली, रात्री टाकळ्याची भाजी होती. रानात मिळालेलं फुकटचं म्हणून बाई ते जेवणात धरत नाही. 'किती वाट्या' हा प्रश्नही चालत नाही, कारण पुस्तकातली वाटी त्या घरात नसते. घरातलं भांडं मागून घ्यावं लागतं, त्यात पाणी भरून मापावं लागतं. पुस्तिकेत ही युक्ती एका ओळीत येते. ओटीवर तासभर बसायची सवय मात्र कुणाच्या तरी मागे मागे फिरूनच लागते.

तिसरी अडचण अन्नाच्या तक्त्यांची. 1918 मध्ये रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी कुन्नूरला बेरीबेरीच्या शोधासाठी जे छोटं केंद्र उघडलं, तेच वाढत वाढत 1958 मध्ये हैदराबादला गेलं आणि आजची राष्ट्रीय पोषण संस्था झाली. तिने 2017 मध्ये 528 भारतीय अन्नपदार्थांचे घटक प्रसिद्ध केले. त्यानुसार 100 ग्रॅम नाचणीत 364 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, गाईच्या तेवढ्याच दुधात सुमारे 118. असा आकडा हाती असला की नाचणीची भाकरी आणि आंबील हे गरिबाचं खाणं, असं मुलगी म्हणत नाही. पण कुर्डू, लोत, कोळू, भारंगी, चाईचा मोहर, कडुकंद अशा रानातल्या सगळ्याच वस्तू या तक्त्यांत सापडत नाहीत. कडुकंद राखेत उकडून, चकत्या करून, वाहत्या पाण्यात रात्रभर ठेवून मगच खातात. हे ज्ञान वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांकडे आहे. स्थानिक विद्यार्थिनीने ते लिहून ठेवलं नाही तर त्यांच्याबरोबर जाईल.

आणि चौथी गोष्ट भाषा. 2021 मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. फोन निकृष्ट असल्याची तक्रार होतीच, शिवाय पोषण ट्रॅकर हे अॅप इंग्रजीत होतं. वर्षानुवर्षं मुलांची वजनं वहीत मराठीत लिहिणाऱ्या बायकांना एका रात्रीत परकी भाषा वापरायला सांगितलं गेलं. ऑनलाइन अभ्यासक्रमांची गत फार वेगळी नाही. चांगली व्याख्यानं बहुतेक इंग्रजीत, काही हिंदीत. डोळखांब किंवा टाकीपठाराच्या बाजूला डोंगराच्या आड रेंज जाते, ती अडचण चित्रफीत आधी उतरवून घेऊन सोडवता येते. न समजणारी भाषा उतरवून घेऊन काही साधत नाही.

2025 चा निर्णय

ऑगस्ट 2025 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने जाहीर केलं की जुलै-ऑगस्ट 2025 च्या सत्रापासून आरोग्याशी संबंधित विषय दूरशिक्षणातून किंवा ऑनलाइन शिकवता येणार नाहीत. मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान यांच्याबरोबर अन्न आणि पोषणशास्त्र, तसंच चिकित्सालयीन पोषण आणि आहारशास्त्र हे विषय त्या यादीत आहेत. आधार आहे 2021 च्या राष्ट्रीय सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याचा. त्या कायद्याने आहारतज्ज्ञाला आरोग्य व्यावसायिक मानलं, आणि रुग्णाच्या शरीराशी ज्याचा संबंध, त्याचं शिक्षण प्रत्यक्ष हाताखाली व्हावं, असा त्यामागचा विचार.

हा विचार चुकीचा आहे असं मला वाटत नाही. मधुमेहाने मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाचा आहार ठरवणं जोखमीचं काम आहे. इथल्या आदिवासी भागात सिकलसेल हा रक्ताचा आजार आढळतो. अशा रुग्णाला रक्तक्षय दिसला म्हणून डॉक्टरांना न विचारता लोहाच्या गोळ्या सुचवणं चूक ठरू शकतं. घरबसल्या पदवी मिळवून फलक लावणाऱ्यांना आवर हवा होताच.

पण त्याच निर्णयाने टोकावड्याच्या मुलीची एक वाटही बंद झाली. तिला रुग्णालयात बसायचं नव्हतं. तिला आपल्या पाड्यात काम करायचं होतं, किंवा सेविका झाल्यावर हातातलं काम अधिक समजून करायचं होतं. जिल्ह्यात जवळपास महाविद्यालयीन सोय न करता दूरशिक्षण बंद केलं की शहरातल्या मुलीचं फारसं बिघडत नाही, तिला जुहू जवळ आहे. बंदीबरोबर पर्याय द्यायला हवा होता, आणि तो अजून दिसत नाही. व्याख्यानं पाहण्यावर, वाचण्यावर बंदी नाही एवढं खरं, पण कागद हाती नसेल तर घरचे म्हणतात, मोबाइल बघत बसतेस.

गडचिरोलीने दिलेलं उत्तर

थोडं शिकलेली बाई हे काम करू शकते का, या शंकेला महाराष्ट्रानेच उत्तर दिलेलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 पासून गडचिरोलीत 'सर्च' संस्थेचं काम सुरू केलं. गावातल्याच अल्पशिक्षित स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, वारंवार सराव करून घेतला, त्यांच्या कामावर देखरेख ठेवली. त्या गावांत नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला. 1999 मध्ये 'लॅन्सेट'ने तो अभ्यास छापला आणि घरी जाऊन बाळाची काळजी घेण्याची पद्धत पुढे देशभर आशा सेविकांच्या कामात आली. त्या बायकांकडे पदवी नव्हती. त्यांच्या हाताला सराव होता, भाषा आपली होती आणि चुकलं तर सांगणारं कुणीतरी पाठीशी होतं.

केंद्र सरकारच्या पोषण अभियानातही याच धर्तीची एक चांगली पद्धत आली होती. टप्प्याटप्प्याने शिकण्याचे 21 पाठ, दर महिन्याला एक विषय, लगेच त्याचा वाडीत वापर. अडचण अशी की सेविकेवर नोंदींचा इतका भार आहे की शिकलेलं वापरायला तिला सवड कमीच मिळते.

मग करायचं काय

या साऱ्याचा माझा निष्कर्ष असा. पोषणाचं शास्त्र ऑनलाइन समजतं, पण पोषणाचं काम ऑनलाइन येत नाही. म्हणून धडा मोबाइलवर आणि सराव अंगणवाडीत, अशी जोड शहापूर-मुरबाडमध्येच घालावी लागेल. त्यासाठी नवी इमारत नको. शहापुरात सोनुभाऊ बसवंत महाविद्यालय आहे, मुरबाड तालुक्यात शिवळ्याला शांतारामभाऊ घोलप महाविद्यालय आहे. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आणि एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय. पाड्यापाड्यात अंगणवाडी. एसएनडीटीसारखं विद्यापीठ अभ्यास आखून देऊ शकेल आणि मुक्त विद्यापीठाला मराठी पुस्तिका करण्याचा तीन दशकांहून अधिक अनुभव आहे.

सहा महिन्यांचा, नियमात बसणारा, समोरासमोरचा एक प्रमाणपत्र अभ्यासक्रम इथे सुरू व्हावा. आठवड्यातले चार दिवस चित्रफिती आणि वाचन, दोन दिवस अंगणवाडी आणि रुग्णालय. प्रत्येक विद्यार्थिनीने 50 मुलांची वजन-उंची आणि दंडघेर जाणत्या सेविकेच्या देखत मोजावा, 10 घरांचा चोवीस तासांचा आहार लिहावा, आणि वाडीतल्या एका म्हातारीकडून पाच रानभाज्या, त्यांचा हंगाम आणि त्या करायची रीत शिकून वहीत उतरवावी. त्या वहीची परीक्षा त्या म्हातारीसमोरच व्हावी. वीटभट्टीच्या मोसमात हीच मुलगी भट्टीवरच्या मुलांचा दंडघेर घेऊन गावाकडच्या सेविकेला कळवेल, तेव्हा दोन नोंदींच्या मधे हरवणारं मूल सापडेल. रेशनच्या तांदळात मिसळलेले वेगळे दाणे पाहून 'प्लास्टिकचा तांदूळ' असं कुणी म्हणालं, तर शंभर दाण्यांत एक दाणा लोह, फॉलिक आम्ल आणि ब-12 घालून केलेला असतो, तो फेकू नका, हे ती आपल्या बोलीत सांगेल.

दोन्ही महाविद्यालयांच्या प्राचार्यांना, संस्थाचालकांना आणि आदिवासी विकास प्रकल्पाच्या अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. येत्या जूनमध्ये वीस मुलींचा एक वर्ग आणि चार अंगणवाड्या एवढ्यावर सुरुवात करा. विद्यापीठाची मान्यता पुढच्या वर्षी येईल, पाड्यातल्या मुलांचं वय तोवर थांबणार नाही. आज जन्मलेल्या बाळाच्या हातात 730 दिवस आहेत.